फिक्या गव्हाचं पाणी

त्या वर्षी डोंगरावर बर्फ कमी पडलं आणि एप्रिल सरायच्या आतच आमच्या कालव्याचं पाणी गुडघ्याखाली गेलं. कार्शीच्या माळावरचं सगळं पाणी नदीतून पंपांनी चढवून आणलेलं. नदीच उतरली, तर चिडायचं कुणावर?

मी तेव्हा गहू संशोधन केंद्रात माती तपासायच्या प्रयोगशाळेत होते आणि माझी मैत्रीण मस्तुरा प्रयोगाच्या वाफ्यांवर. गेली तीन वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती: गव्हाचं पान अंधारात किती श्वास घेतं? खत वाढवलं की तो श्वास किती वाढतो, आणि पीक फुटव्यातून पोटरीत, पोटरीतून फुलोऱ्यात, फुलोऱ्यातून चिकात, म्हणजे दाणा भरायच्या अवस्थेत, जाताना त्याचं काय होतं? केंद्रातले लोक तिची थट्टा करायचे. “पान श्वास घेतंय तर घेऊ दे की बाई, आपण कशाला मोजायचा?” असं आमचा ड्रायव्हर रोज म्हणायचा आणि ती रोज हसून सोडून द्यायची.

मला मात्र तिनं ते नीट समजावून सांगितलं होतं. पान दिवसा साखर बनवतं आणि जिवंत राहण्यासाठी त्यातली थोडी रात्रंदिवस जाळत राहतं. युरिया भरपूर मिळालेलं पान जास्त बनवतं, पण जाळतंही जास्त. कोवळं असताना ते सगळ्यात जास्त जाळतं, म्हातारं होत जातं तसं कमी. हवा तापली की जाळणं वाढतं. पाणी असलं तर हा सगळा खर्च भागतो. पाणी नसलं तर पानाची दिवसाची कमाई थांबते, जाळणं मात्र थांबत नाही. मग दाण्यात जायचं ते पानातच संपतं. नेमकं किती संपतं आणि कुठल्या अवस्थेत, हे तिला हवं होतं. आमच्याकडे जो तो डोळ्याला बरं वाटेल तितकं खत फेकत होता.

पहिल्या वर्षी चीक भरायच्या आधीच तांबेऱ्यानं वाफे खाल्ले. दुसऱ्या वर्षी ऐन वेळी श्वास मोजायचं यंत्र बिघडलं. हे तिसरं वर्ष. ताश्कंदहून एका संस्थेचं यंत्र तिनं हातापाया पडून मागून आणलं होतं, आणि कापणीनंतर आमच्या वाफ्यांची जमीन पिस्त्याच्या बागेला जाणार हे ठरून गेलं होतं. पुन्हा पेरणी नव्हती.

केंद्राच्या बांधाला लागून तिच्या धाकट्या भावाचं, शेरकुलचं शेत होतं. त्याला ही जमीन सरकारकडून कराराने मिळालेली. नेमून दिलेला तेवढा गहू सरकारला द्यायचा. लागोपाठ दोन वर्षं कमी पडला तर जमीन परत. आदल्या वर्षी त्याच्याही गव्हावर तांबेरा आला होता, म्हणजे एक वर्ष गेलेलंच. म्हणून यंदा त्यानं हात राखून ठेवला नाही. थंडी सरताच एकदा आणि पोटरीत असताना पुन्हा, त्यानं दाबून खत घातलं. गहू असा हिरवा, काळाभोर झाला की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघायचे. फक्त खालच्या अंगाला, तुतीच्या रांगेलगत एक पट्टा फिका राहिला होता. तिथं पोचेस्तोवर खत फेकायचं यंत्र मोडलं आणि नंतर त्याला वेळ झाला नाही. त्या पट्ट्याची त्याला लाज वाटायची. कुणी शेत बघायला आलं की तो त्यांना वरच्या बाजूनं न्यायचा.

गहू फुलोऱ्यात आला त्या आठवड्यात कालवा पुरता बसला. आमच्या केंद्रात एक जुनी बोअर होती. आजूबाजूचे सगळेच उपसत असल्यामुळे तिचंही पाणी मनगटाएवढं झालं होतं. ते फक्त प्रयोगाच्या वाफ्यांना द्यायचं, असा संचालकांचा हुकूम होता.

शेरकुल आला तेव्हा मस्तुरा वाफ्यात गुडघ्यांवर बसली होती. ओंबीखालचं शेवटचं पान यंत्राच्या चिमट्यात धरलेलं, वरून काळं कापड. कापडाची दुसरी बाजू मी धरली होती.

“ओपा, जरा इकडे बघ,” तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

“लांब उभा राहा. तुझा श्वास लागतो यंत्राला.”

तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं टोपी काढून तोंडापुढं धरली. एरवी मी हसले असते. पण त्याचे डोळे बघून हसू आलं नाही.

आकडा स्थिर झाला तसं मस्तुरानं पान सोडलं. “हं, बोल.”

“तुझ्या बोअरचं पाणी दे. थोडेच दिवस. माझ्या वरच्या शेतात जमिनीला हात घालवेल एवढ्या भेगा पडल्यात.”

“हे पाणी माझं नाही, शेरकुल.”

“चावी तर तुझ्याकडे आहे ना?”

“आणि दिलं तरी तुझ्या वरच्या शेताला ते पुरणार नाही. एवढं दाट रान, एवढी जाड पानं. तो गहू दोन दिवसांत सगळं पिऊन टाकेल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मागेल. तुला तेव्हाच सांगितलं होतं, पोटरीतलं दुसरं खत नको म्हणून.”

“झालं का सुरू? ताईसाहेबांना शिकवायला नुसतं निमित्त लागतं!” तो वाफ्यांकडे हात करून म्हणाला, “या रुमालाएवढ्या तुकड्यांना पाणी आहे. ही खाणार आहेस का तू? पानांचा श्वास मोजतेस आणि सख्ख्या भावाचा कोंडला तरी तुला कळत नाही.”

मस्तुरानं पुढचं पान चिमट्यात घेतलं. आकडा स्थिर व्हायलाच तयार नव्हता.

इशनियाझ-बोबो आमचा मिराब, म्हणजे पाण्याच्या बाऱ्या ठरवणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो केंद्राच्या तपचानवर, अंगणातल्या लाकडी बैठकीवर, येऊन टेकला. मी त्याला हिरवा चहा दिला. म्हाताऱ्यानं पेला हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

“पोरी, सकाळपासून सात घरी शिव्या खाल्ल्या,” तो मला म्हणाला. “कालव्यात पाणी यायला अजून दोन आठवडे तरी लागतील म्हणतात. आणि परवापासून गर्मसेल सुटणार, रेडिओवर सांगितलं.”

गर्मसेल म्हणजे वाळवंटाकडून येणारा आमचा गरम वारा. तो फुलोऱ्यात सुटला तर गहू उभ्या उभ्या पांढरा होतो.

“शेरकुल भेटला का, बोबो?” मस्तुरानं विचारलं.

“भेटला. शिवी दिली नाही त्यानं. त्याचीच मला भीती वाटली. बांधावर बसून नुसता मातीची ढेकळं फोडत होता.”

बोबो गेल्यावर मस्तुरानं यंत्र उचललं आणि मला म्हणाली, “चल.” आम्ही बांध ओलांडून शेरकुलच्या शेतात गेलो. तो तिथं नव्हता. आधी तिनं वरच्या काळ्याभोर गव्हाची पानं मोजली. मग आम्ही तुतीच्या रांगेकडे उतरलो. पिकलेली तुती खाली पडून वाळून गेली होती, ती गोळा करायलाही कुणी आलं नव्हतं. तिथल्या फिक्या गव्हाची पानं मोजली. ऊन डोक्यावर होतं आणि काळ्या कापडाखाली माझ्या हातांना घाम फुटला होता.

वरच्या शेतातलं पान खालच्या पट्ट्यातल्यापेक्षा जवळजवळ दीडपट जाळत होतं. शिवाय वर पानंच दुप्पट. आणि बोटांत धरून बघितलं तर वरची पानं दुपारची गुंडाळून सुतळीसारखी झाली होती. खालची अजून उघडी होती. रान पातळ, तहान कमी, म्हणून जमिनीत अजून थोडी ओल होती.

मस्तुरा बांधावर बसली. तिनं वरच्या शेताकडे बोट केलं.

“ते गेलं, रोबिया,” ती म्हणाली. “आज पाऊस पडला तरच काही. पण हा पट्टा वाचेल. याला आत्ता पाणी मिळालं तर हा दाणा भरेल.”

तिच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, “आणि आपले वाफे?”

“दोन्हीकडे नाही पुरणार.”

“अर्धं अर्धं दे.”

“वाफे अर्धवट तहानले तर मग ते खताचं मोजमाप राहत नाही, तहानेचं होतं. ते आकडे मी कुठल्या तोंडानं लिहू? द्यायचं तर सगळं द्यायचं.”

मी तिला खूप बोलले. तीन वर्षं, म्हटलं. चिकातलं मोजमाप राहिलंय, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं, तू स्वतःच म्हणतेस. तांबेरा आला तेव्हा तू या वाफ्यांत बसून रडली होतीस. संचालक तुला घरी बसवतील. आणि एवढं करून वाचणार काय, तर त्याच्या शेताचा दहावा हिस्सा. जमीन तर त्याची जाणारच. यानं कुणाचं भलं होणार आहे?

“घरचं पीठ होईल,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीचं बियाणं होईल. आणि समितीचे लोक येतील तेव्हा दाखवायला हिरवं काहीतरी असेल. बोबो काय म्हणाला, ऐकलंस ना? बाबा गेले तेव्हा तो असाच बसला होता, तोंडातून शब्द न काढता. मला तो तसा बसलेला नको आहे.”

मला तिचा राग आला होता. त्या रागातच मी तिच्याबरोबर शेरकुलच्या घरी गेले.

त्याची बायको हासियत तंदूरमधून नान काढत होती. शेरकुल पडवीत भिंतीला टेकून बसला होता. मस्तुरा उभ्यानंच म्हणाली, “पाणी देते. आत्तापासून, सगळं. पण वरच्या शेताला नाही. तुतीजवळच्या पट्ट्याला.”

शेरकुलला आधी काही समजलंच नाही. मग म्हणाला, “कुठल्या पट्ट्याला?”

“खालच्या. फिक्या.”

“त्या रोगट गव्हाला? वर माझा कंबरेएवढा गहू उभा आहे, आणि तू पाणी त्याला देणार?” तो उठला. “ओपा, थट्टा करायची असेल तर दुसरा दिवस बघ.”

“थट्टा नाही. वरचा गहू स्वतःलाच खातोय. मी आत्ता मोजून आले.”

“तुझी मोजमापं! सगळा जिल्हा माझं शेत बघून गेला. कुणी म्हटलं का की हे मरणार आहे?”

“ओंबी सोलून बघितलीस का तू? आज, दुपारनंतर?”

बघितलं होतं त्यानं, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. पण तो म्हणाला, “वरचं शेत सोडलं तर मी संपलो. खालच्या पट्ट्यानं करार पुरा होतो का? सांग ना. होतो का?”

“नाही होत,” मस्तुरा म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही, शेरकुल. करार कशानंच पुरा होत नाही आता. वर पाणी घातलंस तर दोन्ही जातील. खाली घातलंस तर एक राहील. माझ्याकडे एवढंच आहे. जास्त असतं तर दिलं असतं.”

तो पुन्हा भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “मी त्या शेताला सकाळी उठून काय तोंड दाखवू,” असं काहीतरी तो म्हणाला. तंदूरमधली एक नान करपायला लागली, तिचा वास सुटला. हासियतनं ती काढली, बाजूला टाकली, हात झग्याला पुसले आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

“कुठं फोडायचा बांध, दाखवा मला,” ती मस्तुराला म्हणाली.

“तू थांब,” शेरकुल म्हणाला.

“तुम्ही बसा. तुम्हाला त्या वरच्या गव्हाचा लळा आहे. मला पोरांना जेवायला घालायचंय.”

बांध हासियतनं फोडला. बोअरचं पाणी पट्ट्याकडे न्यायला आमच्या वाफ्यांच्या पाटात माती टाकून तो बुजवावा लागत होता. ते काम मस्तुरानं स्वतः केलं. मी फावडं मागितलं तर दिलं नाही. पहिली ढेकळं तिनं हळूच ठेवली, जणू काही पुन्हा काढायची आहेत. मग मात्र भराभर टाकत गेली आणि पायांनी दाबली. संध्याकाळपर्यंत शेरकुलही आला. कुणाकडे न बघता तो पाण्याच्या पुढं पुढं सऱ्या मोकळ्या करत गेला.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. खिडक्यांना ओली पोती लावून आम्ही प्रयोगशाळेत बसलो होतो. बाहेर बघितलं तर आभाळ मातीच्या रंगाचं. मस्तुरा आत बसेना. डोक्याला फडकं गुंडाळून ती वाफ्यांवर गेली, आणि मी तिच्यामागं. सगळ्यात जास्त युरियाचे वाफे आधी गेले. त्यांची पानं टोकाकडून कागदासारखी वाजायला लागली. कमी खताचे वाफे दोन दिवस टिकले, मग तेही. ती प्रत्येक वाफ्यापाशी थांबायची, पानाला हात लावायची आणि पुढं जायची. यंत्र तिनं आणलंच नव्हतं.

मी म्हणाले, “भावाच्या पट्ट्यात मोजू या की चिकातलं. तिथं पाणी आहे.”

“त्याला खत किती पडलं, कुणाला माहीत? एकच पट्टा, एकच मात्रा. शेजारी तुलनेला काय, ते जळालेलं शेत?” ती म्हणाली. “त्याला प्रयोग म्हणत नाहीत, रोबिया.” मग म्हणाली, “मला नुसतं बघायला जावंसं वाटतं. पण मोजणार नाही. मोजलं तर मला मोह होईल.”

वारा बसल्यावर संचालक वाफे बघायला आले. ते ओरडले नाहीत. बुजवलेल्या पाटाजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, “हे कुणी केलं?” मस्तुरा म्हणाली, “मी.” ते म्हणाले, “तीन वर्षं मी तुमच्यासाठी वरिष्ठांशी भांडलो,” आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर मला म्हणाली.

कालव्याला पाणी आलं ते जूनच्या तोंडावर, भरभरून. कापूसवाल्यांनी मिराबला खांद्यावर घेतलं. शेरकुलचं वरचं शेत तोवर पांढरं झालं होतं. कापणीच्या वेळी त्यात कंबरेएवढा पेंढा निघाला, आणि दाणे जिऱ्यासारखे, सुरकुतलेले. हातात घेऊन फुंकले तर उडून जायचे. खालच्या पट्ट्याचा दाणा भरला होता. फार मोठा नव्हता, पण टणक होता, दाताखाली कटकन तुटायचा.

जिल्ह्याची समिती आली. त्यांनी कागद बघितले, शेत बघितलं आणि नियमाप्रमाणे जमीन काढून घेतली. तुतीजवळचा पट्टा तेवढा ठेवला. तो इतका लहान होता की दुसऱ्या कुणाला देण्याजोगाही नव्हता. शेरकुल पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायला लागला. त्यानं बहिणीचे आभार मानले नाहीत आणि तिनं त्या आभारांची वाट पाहिली नाही. महिना-दोन महिने तो आमच्याकडे फिरकलाही नाही. हासियत मात्र पहिल्या दळणाची नान घेऊन आली होती, फडक्यात बांधून, गरम. आम्ही ती तपचानवर बसून दह्याबरोबर खाल्ली. मस्तुरानं एक तुकडा घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

यंत्र परत करायला मी तिच्याबरोबर ताश्कंदला गेले. सही करून घेणाऱ्या माणसानं सहज विचारलं, “झालं का काम पूर्ण?” ती म्हणाली, “नाही.” त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या कागदावर सही मागितली. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला रडू दिलं.

अहवाल तिनं फुलोऱ्यापर्यंतच लिहिला. चिकाच्या रकान्यात रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं: पाणी बंद केले. कुणी बंद केले, ते संचालकांनी लिहू दिलं नाही. वाफे नांगरून तिथं पिस्त्याची रोपं लागली आणि तिला बियाण्याच्या गोदामात बसवलं.

ऑक्टोबरमध्ये पेरणीच्या आधी शेरकुल त्या गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथं नमुने घ्यायला गेले होते. तो खूप वाळला होता. आत यावं की नाही, असं त्याला झालं होतं.

“ओपा, त्या पट्ट्याला किती खत घालू?” त्यानं विचारलं.

मस्तुरा पोती रचत होती, ती थांबली. “पाण्याची खात्री नसेल तर पोटरीतलं दुसरं घालू नकोस. पहिलं अर्धं घाल. फुलोऱ्यापर्यंत पान किती जाळतं ते मी मोजलंय, तेवढं सांगू शकते.”

“आणि त्याच्या पुढं? दाणा भरताना?”

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “ते मोजायचं राहिलं.”

का राहिलं, हे शेरकुलनं विचारलं नाही. त्यानं तिच्या हातातलं पोतं घेतलं, दारापासून भिंतीपर्यंत नेऊन ठेवलं, आणि मग दुसरं उचलायला परत आला.